किल्ट घालून ऑफिसला जाणाऱ्यांना आणि त्यांच्या शेजारी बसणाऱ्यांनाही

स्कॉटलंडमध्ये नोकरी करणारी मराठी माणसं आता थोडीथोडकी नाहीत. एडिनबर्गच्या बँका आणि विमा कंपन्या, ग्लासगोची इस्पितळं, अ‍ॅबर्डीनची तेल-वायू व्यवसायातली कार्यालयं, कुठेही गेलं तरी एखादा जोशी, एखादी शिंदे भेटतेच. पुण्या-मुंबईत बसून तिथल्या टीमबरोबर रोज व्हिडिओवर काम करणारे वेगळेच. या सगळ्यांसमोर कधी ना कधी किल्ट येतो. ३० नोव्हेंबरला सेंट अँड्र्यूज डे असतो, २५ जानेवारीला बर्न्स नाइट. त्या दिवशी शेजारच्या टेबलावरचा एरवी साध्या पँट-शर्टात येणारा सहकारी चौकडीच्या लोकरी किल्टमध्ये येऊन बसतो. मग काय बोलावं, काय बोलू नये, कळत नाही. त्याहून अवघड प्रश्न म्हणजे आपणही एखाद्या वर्षी घालून पाहावा का, आणि घातला तर लोक हसतील का.

माझं म्हणणं सरळ आहे. मनात असेल तर घाला, पण नीट घाला. ज्याला घालायचा नाही त्याने दुसऱ्याच्या किल्टला आदरच द्यावा. ऑफिसात टायला आणि कोटाला जो मान मिळतो तोच किल्टला मिळाला पाहिजे. या एका गोष्टीसाठी मी हे सगळं लिहितो आहे.

आधी वस्तुस्थिती सांगतो, कारण आपल्याकडे एक समज पक्का आहे की स्कॉटलंडमधले सगळे पुरुष रोज किल्ट घालून फिरतात. तसं मुळीच नाही. तिथल्या बहुतेक पुरुषांच्या अंगावर किल्ट चढतो तो लग्नात, पदवीदान समारंभात, रग्बीच्या सामन्याला आणि बर्न्स नाइटच्या जेवणाला. पुष्कळांकडे तर स्वतःचा किल्ट नसतोच. लग्नापुरता दुकानातून भाड्याने आणायचा आणि सोमवारी परत करायचा, ही सर्रास पद्धत आहे. सोमवारी सकाळी किल्ट घालून ऑफिसला जाणारा माणूस खुद्द एडिनबर्गमध्येही विरळाच.

हे आपल्याला समजायला अवघड जाऊ नये. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या कचेऱ्यांत कारकून, वकील, शिक्षक धोतर, लांब कोट आणि डोक्याला पगडी किंवा टोपी अशा पोशाखात कामाला जात. तो कामाचा वेष होता, त्यात कुणाला नवल वाटत नव्हतं. मग धोतर हळूहळू पूजेपुरतं, मुंजीपुरतं, लग्नापुरतं उरलं, आणि आज कुणी ते नेसून बँकेत शिरला तर रांगेतली माणसं वळून बघतील. एखादा पोशाख फक्त समारंभाचा झाला की तो बघणाऱ्यांना नाटकातला वाटू लागतो आणि घालणाऱ्याला जड होतो. ऑफिसात किल्ट घालणारा स्कॉटिश माणूस या ओझ्यासकट येतो. तो गंमत करायला आलेला नसतो. आपल्या घरचा कपडा आपल्या कामाच्या जागी घालता यावा, एवढंच त्याला हवं असतं.

त्याच्यामागे इतिहासही साधा नाही. चित्रपटांनी यात बराच घोळ घातला आहे. १९९५ सालच्या ‘ब्रेव्हहार्ट’मध्ये तेराव्या शतकाच्या अखेरचे योद्धे किल्टसारखे कपडे घालून लढताना दिसतात. प्रत्यक्षात अंगभर गुंडाळून कमरेला पट्ट्याने आवळायचा मोठा किल्ट उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, म्हणजे हायलँड्समध्ये, दिसू लागला तो सोळाव्या शतकाच्या शेवटी. लांबच लांब लोकरी कापड, दिवसा अंगावर आणि रात्री पांघरायला. आजचा फक्त कमरेखालचा, चुण्या शिवलेला किल्ट त्यानंतरचा, अठराव्या शतकातला. तो कुणी काढला यावर वाद आहे. लँकशरमधला टॉमस रॉलिन्सन नावाचा इंग्रज लोखंड-कारखानदार हायलँड्समध्ये भट्टी चालवत असताना कामगारांच्या सोयीसाठी कापड आखूड करवून घेता झाला, अशी एक गोष्ट सांगतात. पुष्कळ स्कॉटिश लोकांना ती पटत नाही. मला त्या वादात पडायचं नाही, पण गोष्ट खरी असेल तर तो छोटा किल्ट कामावर घालण्यासाठीच जन्माला आला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्यानंतर जे झालं ते मात्र वादातलं नाही. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने लढणाऱ्यांचा पराभव झाला आणि त्याच वर्षी लंडनच्या संसदेने हायलँडचा पोशाख बेकायदा ठरवला. किल्ट किंवा प्लेड, म्हणजे खांद्यावरून घ्यायचं लोकरी कापड, घातलेला पुरुष सापडला तर सहा महिने तुरुंग, जामीन नाही. पुन्हा सापडला तर सात वर्षांसाठी समुद्रापार रवानगी. सूट होती ती राजाच्या सैन्यातल्या हायलँड पलटणींना. कपडा जगला तो असा, लष्कराच्या आधाराने. १७८२ साली बंदी उठली, पण मधल्या काळात एक अख्खी पिढी किल्ट न घालताच मोठी झाली होती. पुढे १८२२ च्या ऑगस्टमध्ये चौथा जॉर्ज एडिनबर्गला आला. त्या सोहळ्याची आखणी वॉल्टर स्कॉटने केली आणि राजा स्वतः टार्टनमध्ये, म्हणजे या चौकडीच्या लोकरी कापडात, नटला. तेव्हापासून किल्ट सगळ्या स्कॉटलंडचा पोशाख झाला. ज्या कपड्यासाठी माणसं तुरुंगात जाऊ शकत होती, त्याच्याकडे बघून खिदळताना एवढं तरी ठाऊक असावं.

आता त्या खिदळण्याबद्दलच बोलतो, कारण सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो.

किल्टवाल्या माणसाला ऑफिसात हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे: आत काय घातलं आहेस? विचारणाऱ्याला वाटतं, आपण काहीतरी खुसखुशीत बोललो. ज्याला विचारलं त्याने तो प्रश्न त्या दिवशी पाचव्यांदा ऐकलेला असतो. एका कार्यालयात माझ्या ओळखीचा एक मध्यमवयीन, मितभाषी माणूस सेंट अँड्र्यूज डेला वडिलांचा किल्ट घालून आला. जेवणाची सुट्टी होईपर्यंत त्याला हा प्रश्न लिफ्टमध्ये, चहाच्या मशीनपाशी आणि चक्क बैठकीत सगळ्यांसमोर विचारला गेला. एकीने मागून चुण्यांचं टोक धरून उचलल्यासारखं केलं आणि सगळे हसले. तोही हसला. दुपारी तो पँटमध्ये दिसला. पुढच्या वर्षी त्याने किल्ट घातलाच नाही.

हीच गोष्ट उलट करून बघा. स्कर्ट घालून आलेल्या सहकारी स्त्रीला कुणी हा प्रश्न विचारला किंवा तिच्या कपड्याला हात लावला तर त्या माणसाची नोकरी जाईल, आणि जायलाच हवी. पुरुषाच्या बाबतीत तीच गोष्ट चेष्टा म्हणून खपते. इन्व्हर्नेसमधल्या एका बारमध्ये काही वर्षांपूर्वी किल्ट घालणाऱ्या पुरुष कर्मचाऱ्यांना गिऱ्हाइकांचा, त्यात बायकांचाही, इतका उपद्रव झाला की त्यांनी कामावर किल्ट घालणंच सोडलं. ही बातमी तेव्हा बरीच गाजली होती.

कायद्याच्या बाजूने यात संदिग्ध काही नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या अंगावरचा कपडा उचलणं हा गुन्हा ठरू शकतो. कपड्याखालून चोरून फोटो काढणं स्कॉटलंडमध्ये २०१० च्या कायद्याने गुन्ह्यात आणलं आणि त्यात स्त्री-पुरुष असा भेद नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये तसाच कायदा २०१९ साली झाला. ऑक्टोबर २०२४ पासून तर कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ होऊ नये म्हणून आधीच पावलं उचलणं हे ब्रिटनमधल्या प्रत्येक मालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे. किल्टवरची शेरेबाजी या कर्तव्याच्या बाहेर राहत नाही.

म्हणून माझी पहिली विनंती शेजारी बसणाऱ्यांना. तो प्रश्न विचारू नका. दुसऱ्या कुणी विचारला तर हसू नका, विषय बदला. जमलं तर शांतपणे म्हणा, की सोड ना, जाऊ दे. बोलायचंच असेल तर टार्टन कोणतं आहे, घरचं आहे का, असं विचारा. बहुतेक माणसं आनंदाने सांगतात, आणि त्यातून आजोबा, गाव, पलटण असं कायकाय निघतं. पुण्यात बसून व्हिडिओवर बघणाऱ्यांनीही स्क्रीनचा फोटो काढून आपल्या ग्रुपवर टाकू नये. तो माणूस तुमच्या करमणुकीसाठी उभा नाही.

दुसरी विनंती घालणाऱ्यांना: ऑफिसात आत अंतर्वस्त्र घालाच. ‘खरा स्कॉट्समन’ आत काही घालत नाही, ही मिरवायची गोष्ट पलटणीच्या आठवणींतून आली आहे. स्कॉटिश टार्टन्स अथॉरिटीच्या संचालकांनीच २०१० साली सांगितलं होतं की हा प्रकार पोरकट आहे आणि आरोग्यालाही बरा नाही. ऑफिसात काचेचे जिने असतात, बसके सोफे असतात, वाकून प्रिंटरचा कागद काढावा लागतो. आत काय आहे याची काळजी तुमच्याही मनात नसावी आणि समोरच्याच्याही.

आता घालायचा कसा ते सांगतो. इथे थोडं थांबून वाचा, कारण नीट घातलेला किल्ट बघून कुणी हसत नाही.

पहिली चूक कमरेची होते. आपल्याला जीन्स कमरेच्या हाडावर घालायची सवय. किल्ट तिथे बसत नाही, तो बेंबीच्या उंचीवर बसतो. खाली घातला की किनार गुडघ्याखाली लोंबते, चुण्या फाकतात आणि माणूस घोंगडी गुंडाळल्यासारखा दिसतो. किनार गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर किंवा जरा वर असावी. पुढचे दोन पदर सपाट असतात, चुण्या सगळ्या मागे. उजव्या हाताचा पदर आधी पोटावरून डावीकडे न्यायचा, त्याचा चामडी पट्टा डाव्या बाजूच्या फटीतून बाहेर काढून बक्कल लावायचं. मग डाव्या हाताचा पदर त्यावरून उजवीकडे आणून तिथली बक्कलं लावायची. दशा सोडलेली कडा उजव्या मांडीवर आली की समजा बरोबर जमलं. खालच्या उजव्या कोपऱ्यात लावायची पिन फक्त वरच्या पदरातून घालायची. दोन्ही पदर मिळून टोचली तर चालताना कापड ओढलं जातं आणि फाटतं. नवीन माणूस ही चूक हमखास करतो.

ऑफिससाठी वरचे कपडे साधे ठेवा. साधा शर्ट, एकरंगी टाय, आणि थंडी असेल तर करड्या किंवा गडद निळ्या ट्वीडचा कोट. लग्नात दिसणारा चंदेरी बटणांचा आखूड काळा कोट आणि बो टाय संध्याकाळच्या मेजवानीचे, सकाळी नवाच्या बैठकीचे नव्हेत. पुढे लटकणारी पिशवी, स्पोरन, तिचेही प्रकार आहेत. केसाळ कातड्याची समारंभाची, साध्या तपकिरी किंवा काळ्या चामड्याची रोजची. ऑफिसात साधीच. किल्टला खिसे नसतात, म्हणून फोन, ओळखपत्र, चाव्या सगळं तिच्यातच जातं. शिवाय बसल्यावर ती मांड्यांमध्ये पडून पुढचा पदर खाली धरून ठेवते, हे तिचं मोठं काम. टेबलाशी बसून टाइप करताना साखळी खणखणत असेल तर पिशवी कुल्ल्यावर सरकवा. नाचतानाही लोक तसंच करतात. पायमोजे लोकरी, करडे किंवा गडद हिरवे, गुडघ्याखाली दोन-तीन बोटं सोडून दुमडलेले. भाड्याच्या दुकानातले पांढरेशुभ्र मोजे ऑफिसात नकोत. पायात रोजचेच काळे किंवा तपकिरी चामडी बूट पुरतात. पोटरीवर नाड्या गुंडाळायचे बूट लग्नासाठी राहू द्या.

बसायची एक रीत आहे आणि ती दोन दिवसांत अंगवळणी पडते. खुर्चीसमोर उभं राहायचं, दोन्ही तळहात मागे कमरेखाली ठेवून चुण्या खालपर्यंत सपाट करत बसायचं, गुडघे जवळ. नऊवारी किंवा धोतर सांभाळणाऱ्या हातांना हे शिकवावं लागत नाही. उठल्यावर मागे एकदा हात फिरवला की चुण्या परत जागेवर. खालचं काही उचलायचं तर कमरेत वाकू नका, गुडघे मोडून खाली बसा. ऑफिसात पहिल्यांदा जाण्याआधी एक अख्खी संध्याकाळ घरात घालून काढा. जिना चढा, उतरा, सोफ्यावर बसा, फरशीवरची पिशवी उचला. अवघडलेपण गेलं की तेवढाच आत्मविश्वास येतो.

मोज्यात खोचायची ती छोटी सुरी, स्गिअन डू, तिच्याबद्दल स्पष्ट सांगतो: कामावर नेऊ नका. स्कॉटलंडच्या १९९५ च्या फौजदारी कायद्यात सार्वजनिक जागी धारदार हत्यार बाळगणं गुन्हा आहे, पण त्याच कलमात धर्माच्या कारणासाठी आणि राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून बाळगलेल्या सुरीला बचाव ठेवला आहे. शिखांचं कृपाण आणि किल्टमधली सुरी एकाच कलमाच्या आसऱ्याला आहेत, हे मला फार चांगलं वाटतं. पण कायद्यात बचाव आहे म्हणून ऑफिसच्या दारावरचा सुरक्षारक्षक ती आत सोडेल असं नाही. न्यायालय आणि विमानतळ यांचा तर प्रश्नच नाही. कृपाण ही श्रद्धेची गोष्ट आहे. मोज्यातली सुरी घरी ठेवली तर किल्टचं काही उणं होत नाही.

‘पण तो आपला पोशाख नाही, आपण कसा घालायचा?’ हा प्रश्न मला आपल्याच लोकांकडून सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि तो प्रामाणिक आहे. दुसऱ्याचा वारसा खेळणं म्हणून वापरू नये, ही काळजी बरोबरच आहे. पण स्कॉटलंडमध्ये याबाबत मोकळेपणा आहे. टार्टनची अधिकृत नोंदवही २००८ च्या कायद्याने सुरू झाली आणि कोणीही आपल्या संस्थेचं, कुटुंबाचं नवं टार्टन तिथे नोंदवू शकतं. शिखांसाठी, ज्यूंसाठी, मुसलमानांसाठी टार्टन तयार झाली आहेत. २०११ साली पाकिस्तानी वंशाच्या हमझा युसफ यांनी स्कॉटिश संसदेत सदस्य म्हणून शपथ घेतली तेव्हा अंगात शेरवानी होती आणि खांद्यावर टार्टनचं प्लेड. इंग्रजीत घेतलेली शपथ त्यांनी उर्दूतही घेतली. पुढे २०२३ मध्ये ते त्या देशाचे फर्स्ट मिनिस्टर झाले.

निवड करताना मात्र विचार करा. कुळांची टार्टन घालायला कायद्याने बंदी नाही, पण ज्या कुळाशी आपला काही संबंध नाही त्याचं टार्टन घालून मिरवणं मला स्वतःला रुचत नाही. बाल्मोरल टार्टन राजघराण्याचं आहे, त्याला हात लावू नका. मोकळेपणाने घालता येतील अशी पुष्कळ आहेत: गडद निळ्या-हिरव्या रंगाचं ब्लॅक वॉच, कॅलेडोनिया, हंटिंग स्टुअर्ट. माझा आग्रह गावांच्या टार्टनसाठी असतो. एडिनबर्ग, ग्लासगो, अ‍ॅबर्डीन या शहरांची स्वतःची टार्टन आहेत. ज्या गावात आपण राहतो, कर भरतो, मुलं शाळेत घालतो, त्या गावाचं टार्टन अंगावर असलं की कुणी विचारलं तर उत्तर तयार असतं आणि ते खरं असतं. स्कॉटिश बायकोच्या किंवा सुनेच्या घरच्यांनी आपण होऊन त्यांचं टार्टन दिलं, तर ते दोन्ही हातांनी घ्या.

काही कामं अशी आहेत जिथे किल्ट नकोच, आणि तिथे हट्ट करू नये. इस्पितळात रुग्णांना हाताळताना ठरलेला गणवेश असतो, संसर्गाचे नियम असतात. फिरती यंत्रं, वेल्डिंग, शिड्या, समुद्रातले तेलफलाट, रसायनांची प्रयोगशाळा इथे उघडे गुडघे आणि सात-आठ वार मोकळं कापड म्हणजे अपघाताला आमंत्रण. नोकरीच्या पहिल्या मुलाखतीबद्दलही विचारतात. माझं मत असं की ज्याची सवय आहे तेच घालावं. आयुष्यात पहिल्यांदा किल्ट घालून मुलाखतीला जाऊ नका, सगळं लक्ष गुडघ्यांकडे राहील. ज्याचा तो नेहमीचा उत्तम पोशाख आहे त्याने खुशाल घालावा.

नेहमीच्या ऑफिसात घालायचा असेल तर आधी साहेबांच्या कानावर घाला. परवानगीची भीक मागायची गरज नाही. साधं सांगा, की तीस तारखेला मी किल्ट घालून येणार आहे, ग्राहकांची काही बैठक आहे का. दहापैकी नऊ वेळा उत्तर ‘छान’ असंच येतं. नकार आला तर कारण लेखी मागा आणि ते सगळ्यांना सारखं लागू होतं का ते बघा. कायदा ‘किल्ट घालू द्याच’ असं कुठेही म्हणत नाही. पण २०१० च्या समानता कायद्यात राष्ट्रीय मूळ हे संरक्षण असलेल्या गोष्टींमध्ये मोडतं, आणि स्कॉटिश व इंग्रज ही स्वतंत्र राष्ट्रीय मुळं आहेत हे १९९७ च्या एका खटल्यात अपील लवादाने मान्य केलं आहे. तेव्हा बाकी सगळ्यांचे राष्ट्रीय पोशाख चालतात आणि स्कॉटिश माणसाचा चालत नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्याला त्याचं समर्थन द्यावं लागेल. भांडण करण्यासाठी हे सांगत नाही. बोलताना पाय जमिनीवर असावेत म्हणून सांगतो.

तुमच्यापैकी जे स्वतः साहेब आहेत त्यांनी पोशाखाच्या नियमांत एवढं एकच वाक्य घालावं: औपचारिक पोशाखात राष्ट्रीय आणि पारंपरिक पोशाख धरला जाईल. त्या एका वाक्यात किल्ट आला, साडी आली, बंदगळा आला, नायजेरियन सहकाऱ्याचा अग्बाडाही आला. आणि कुणालाही सक्ती करू नका. पाहुण्यांसमोर फोटो काढायचा म्हणून ऑफिसातल्या स्कॉटिश मुलाला किल्ट घालून ये म्हणणं आणि ‘विविधता दिना’ला तुमच्या मुलीला साडी नेसून ये म्हणणं, दोन्ही सारखंच अवघडवणारं. विचारा जरूर, ‘नाही’ म्हटलं तर तिथेच सोडा.

पैशांचंही सांगायला हवं. एडिनबर्गच्या रॉयल माइलवर पर्यटकांसाठी अ‍ॅक्रिलिकचे स्वस्त किल्ट टांगलेले असतात. ते ऑफिसात घालू नका. चुण्या दुपारपर्यंत विस्कटतात, कापड अंगाला चिकटतं, आणि मग लोक हसतात ते त्या कापडालाच. चांगला किल्ट लोकरीचा, सुमारे आठ वार कापडाचा, हाताने शिवलेला असतो आणि त्याला काहीशे पौंड लागतात. पण तो वीस-तीस वर्षं जातो आणि पोराला वापरता येतो. एवढा खर्च नको असेल तर चॅरिटीच्या दुकानांत आणि जुन्या कपड्यांच्या दुकानांत उत्तम लोकरी किल्ट मिळतात. बक्कलं सरकवून कमरेत दोन-तीन इंच इकडेतिकडे करता येतं. घरी आल्यावर तो पदरांकडून उलगडून कमरेच्या पट्ट्याला क्लिपा लावून टांगा, वारं लागू द्या. वारंवार धुवायचा नाही. ड्रायक्लीनला देण्याआधी चुण्यांना खालपर्यंत धावदोरा घाला, नाहीतर परत आल्यावर त्या बसवताना नाकी नऊ येतात.

नवा शिवून घ्यायचा असेल तर चांगल्या कारागिराकडे कित्येक आठवडे, कधी काही महिनेही थांबावं लागतं. नोव्हेंबरच्या तीस तारखेला घालायचा तर उन्हाळ्यातच दुकान गाठा. मापं स्वतः घेऊन ईमेलने पाठवू नका, जाऊन त्यांनाच घेऊ द्या: बेंबीवरची कंबर, कुल्ल्यांच्या सर्वांत रुंद भागाचा घेर आणि बेंबीपासून गुडघ्याच्या मध्यापर्यंतची लांबी. माप देताना पोट आत ओढू नका आणि नेहमीसारखे ताठ उभे राहा.